नको म्हणजे अर्धी

आमच्या नात्यागोत्यात मी बिल्डर आहे. पुण्यात असतो, 'बिल्ड'चं काम करतो, म्हणजे दुसरं काय असणार? ही बातमी कुणी पसरवली ते कळलं नाही, पण दर कार्तिक पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेत तिला नव्यानं पालवी फुटते. मागच्या खेपेला दर्शनबारीत माझ्या पुढं उभ्या असलेल्या एका दूरच्या पाहुण्यांनी वळून विचारलं, "वाकडला टू बीएचके कितीपर्यंत बसंल?"

मी म्हटलं, "मी तसला बिल्डर नाही हो. मी सॉफ्टवेअर बिल्ड करतो. म्हणजे त्याचं कॉन्फिगरेशन बघतो."

"तेच विचारायलोय," पाहुणे म्हणाले. "कॉन्फिगरेशन काय हाय? टू का थ्री?"

त्यांना दोष देता येत नाही. हा शब्द घरं विकणाऱ्यांनी आमच्या आधीच गावोगाव पोचवलाय.

कपिलधार ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात एक घळ आहे. तिथं 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे आणि शेजारी धबधबा. कार्तिकात लातूर, नांदेड, परभणीकडून शिवदिंड्या चालत येतात, कर्नाटक-तेलंगणातूनही माणसं येतात, आणि एरवी माकडांच्या ताब्यात असलेली ती दरी चार दिवस कपाळावर भस्म लावलेल्या माणसांनी भरून जाते. धबधब्याबद्दल मात्र एक खुलासा करायला हवा. मोबाइलवरच्या प्रत्येक फोटोत तो धो धो कोसळत असतो. प्रत्यक्षात तो मराठवाड्यातला धबधबा आहे. मुळात बंद, पाऊस झाला तर चालू. फोटो टाकणाऱ्यांनी त्याचा डिफॉल्ट परस्पर बदललेला आहे.

हा डिफॉल्ट शब्द माझ्या पोटापाण्याचा, आणि त्याच्यावरूनच मामांचं आणि माझं वाजलं.

मामा लातूरकडच्या एका दिंडीची कोठी सांभाळतात. शिधा किती, चूल कुठं, आचारी कोण, वाढपी किती, सगळं त्यांच्याकडं. पाय भरून आले म्हणून ते एका टपरीच्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "आता मला नीट सांग, तू दिवसभर नेमकं काय करलालास?" मी म्हटलं, चहा घेता घेता सांगतो. मामांना साखरेचा त्रास. म्हणून टपरीवाल्याला सांगितलं, "एक साधा आणि एक बिनसाखरेचा." त्यानं मान डोलावली आणि दोन्ही चहा एकाच भगोण्यातून गाळले.

"यात साखर नाही ना?"

"कमी हाय," तो म्हणाला.

आता हेच माझं काम. मामांना म्हटलं, बघा, त्याचं भगोणं पहाटे पाचला चुलीवर चढलं तेव्हाच साखर पडली. आपण सकाळी दहाला येऊन 'बिनसाखरेचा' म्हटलं तर तो बिचारा काय करणार? बशी पाहिजे का, कप का ग्लास, वर आणखी थोडं दूध टाकू का, हे कपाशी आल्यावर विचारता येतं. साखर भगोण्यापाशीच विचारावी लागते. सॉफ्टवेअरचंही तसंच. काही गोष्टी वापरणारा नंतर बदलू शकतो, काही मात्र शिजतानाच आत मुरतात. तर भगोणं चढायच्या आधी विचारायचं की बाबा, साखर किती? आणि कुणीच काही बोललं नाही तर किती टाकायची, हे आधी लिहून ठेवायचं. त्याला डिफॉल्ट म्हणतात.

मामांनी कप खाली ठेवला. "डिफॉल्ट?"

"हो."

"तुमच्या कंपनीत किती डिफॉल्ट हायेत?"

"आमच्या एका प्रॉडक्टमध्ये हजारेक असतील."

"आन् कंपनी अजून चालू हे?"

मामा एका पतसंस्थेचे माजी संचालक. त्यांच्या आयुष्यात हा शब्द नेहमी वसुली अधिकाऱ्याला बरोबर घेऊन आला. शब्दाचं मूळ पाहिलं तर मामांचंच बरोबर आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द म्हणजे उणीव, कसूर, करायचं ते न करणं. कर्ज भरलं नाही की डिफॉल्ट, कोर्टात तारखेला गेला नाहीत की डिफॉल्ट. संगणकवाल्यांनी तो उचलला आणि म्हणाले, तुम्ही सांगायचं ते सांगितलं नाही ना, मग आता आम्ही समजू ते खरं. म्हणजे कसूर तुमची आणि निर्णय आमचा. आपल्याकडं याला 'गृहीत' असा सुंदर शब्द आहे आणि तो मूळ शब्दाहून सरस आहे, कारण त्यात नुसती सोय नाही, तक्रारही आहे. 'मला गृहीत धरू नका' असं मराठी घरात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच. संगणक अजून म्हणालेला नाही.

मग मी मामांना क्रोमचं उदाहरण दिलं, कारण ते त्यांच्या मोबाइलवर होतं. क्रोम ज्या क्रोमियमच्या कोडपासून तयार होतो, तो बांधायला जीएन नावाचं साधन वापरतात. जीएन स्वतः काही शिजवत नाही. तो निन्जा नावाच्या आचाऱ्याला चिठ्ठी लिहून देतो, काय कशानंतर आणि कशात घालायचं त्याची. तर या जीएनमध्ये 'डिक्लेअर आर्ग्ज' नावाचा एक कंस असतो. त्या कंसात नाव लिहायचं, त्याला आर्ग्युमेंट म्हणतात, आणि पुढं किंमत. लिहिली की ती जाहीर घोषणा झाली: ही गोष्ट तुम्हाला बदलता येईल, आणि तुम्ही गप्प राहिलात तर आम्ही असं समजू. वर दोन ओळींची टिप्पणी लिहायची, हे कशासाठी आहे त्याची. ज्याला बदलायचंय तो आपल्या फोल्डरमधल्या छोट्या फाइलीत तेवढीच ओळ लिहितो. आणि यादी मागितली तर जीएन एकेक नाव घेऊन आत्ताची किंमत, मूळची किंमत, ती कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर जाहीर झाली ते, आणि वरची ती टिप्पणी, असं सगळं समोर मांडतो. इतका पारदर्शक कारभार मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

डिफॉल्ट मात्र नेहमी लिहिणाऱ्याच्या सोयीचा. क्रोमियममध्ये 'इज डीबग' नावाचा आर्ग्युमेंट मुळातच 'ट्रू' आहे. म्हणजे काही न बोलता बांधलात तर चुका शोधणाऱ्या इंजिनीअरच्या कामाचा, अगडबंब, रेंगाळत चालणारा ब्राउझर हातात येतो. तो लोकांपुढं ठेवायचा असेल तर तसं सांगावं लागतं. टपरीवाल्याच्या भगोण्यात साखर मुळातच होती, ती काही मामांच्या सोयीसाठी नव्हे.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा तुम्ही आपल्या फाइलीत अशा नावाची किंमत लिहिलीत, जे नाव मुळात कुणी जाहीरच केलेलं नाही. जीएन रागवत नाही. काम थांबवत नाही. तो फक्त एक सूचना छापतो, तिचा मराठी अर्थ असा: या आर्ग्युमेंटचा काही परिणाम होणार नाही. आणि तुमच्या नावाच्या जवळपास जाणारं एखादं जाहीर नाव त्याला सापडलं, तर नम्रपणे विचारतो, तुम्हाला हे म्हणायचंय का?

ही सूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत टेकून बसलो. कारण ती मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, मामींकडून. मामींच्या पंगतीत बसलेल्या माणसानं 'नको' म्हटलं तर काय होतं? काहीही होत नाही. मामींच्या पद्धतीत 'नको' हा आर्ग्युमेंट कुणी जाहीरच केलेला नाही. पोळी येते.

"मामी, नको. खरंच नको."

"नको म्हणजे अर्धी ना?"

अगदी जीएन. जवळचा जाहीर शब्द शोधून दिला. 'अर्धी' हा त्यांच्याकडं जाहीर आहे, फक्त त्याची किंमत एक आहे. 'पाव' म्हटलं तर अर्धी येते. पूर्ण थांबायचं असेल तर पानावर आडवा हात धरावा लागतो, आणि तोही मामी थांबतील म्हणून नव्हे. गरम वरण हातावर पडेल या भीतीनं वाढपी थबकतो म्हणून.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, रीत याच्या नेमकी उलटी. तिथं निवडायचे पर्याय दहा हजारांच्या वर आहेत आणि धोरण एकच: कुणी काही बोललं नाही तर 'नाही' समजा. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्या एखाद्या उत्साही माणसानं आपल्या पर्यायापुढं 'डिफॉल्ट वाय', म्हणजे मुळातच 'हो', असं लिहिलं की लिनक्सचा कर्ता लिनस तोरवाल्ड्स त्याला चारचौघांत फैलावर घेतो. तुझं यंत्र तुला प्रिय असेल, बाकीच्यांच्या पानात का वाढतोस, असा एकूण रोख. मला या माणसाला एकदा मामींच्या पंगतीला बसवायचंय. बघू किती वेळ 'नाही' टिकतं.

तेव्हा डिफॉल्ट आपल्याकडंही सगळे आहेत, त्यांची घोषणा तेवढी नाही. परवाचंच घ्या. ऑफिसातल्या लखनौच्या सहकाऱ्याला म्हटलं, महाशिवरात्रीला रजा हवी, माघ वद्य चतुर्दशी. तो म्हणाला, माघ कसला, फाल्गुन. आम्ही दोघं पंचांग काढून भांडलो. दिवस एकच निघाला. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्ष आला की आम्ही एका महिन्यात आणि ते पुढच्या महिन्यात. दोघांनी आपापला हिशेब लहानपणी गृहीत धरलेला. तो जाहीर करायची वेळ चाळिशीत आली. पौर्णिमेला मात्र दोघांचा महिना एकच असतो, म्हणून कार्तिकी यात्रेला लखनौचा माणूससुद्धा चुकायचा नाही.

जीएनचा अजून एक नियम आहे, तो मला आमच्या जीपगाडीमुळं नीट समजला. एकाच कंसात जाहीर केलेल्या दोन नावांनी एकमेकांकडं बघून आपली किंमत ठरवायची नाही. का, तर बाहेरून कुणी काय बदललंय ते कंस बंद झाल्यावरच लागू होतं. त्याआधी शेजाऱ्याची खरी किंमत कुणालाच ठाऊक नसते. एकावर दुसरं अवलंबून असेल तर दुसरा कंस उघडा. आता यात्रेला निघायची सकाळ. मामी म्हणतात, "हे येणार असतील तर मी येते." मामा म्हणतात, "ती येणार असंल तर मी जीपनं येतो, नाहीतर दिंडीबरोबर चालत जातो." आत्या म्हणते, "ती दोघं काय करतात बघू, मग मी ठरवते." सगळे एकाच ओसरीवर, एकाच कंसात. ड्रायव्हर दोन तास हॉर्न वाजवतोय. शेवटी मी मामांना ओसरीवरून उठवून अंगणात नेलं आणि तिथं विचारलं. दुसरा कंस. पाच मिनिटांत गाडी हलली. माझ्या पदवीचा घरच्यांना झालेला हा आजवरचा एकमेव उपयोग.

सीमेक नावाचं आणखी एक साधन आहे, त्याचा स्वभाव आमच्या तालुक्याच्या गावातल्या कारकुनासारखा. पहिल्यांदा जी किंमत ठरली ती तो एका फाइलीत नोंदवून ठेवतो. पुढं मूळ ठिकाणी डिफॉल्ट बदलला तरी हा आपली जुनी नोंद काढून दाखवतो: इथं तर असं लिहिलंय. ती नोंद पुसल्याशिवाय नवा डिफॉल्ट त्याला पटत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली असाच एक डिफॉल्ट बदलला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या भाचीचा मुलगा त्या जूनमधला, त्यामुळं त्याच्या दाखल्यावर आई दिमाखात दुसऱ्या जागी बसलीय. माझ्या नावात आई नाही. माझी नोंद जुनी आहे, आणि मला पुसून पुन्हा बिल्ड करणं घरच्यांना परवडणारं नाही.

आता माझी एक चूक सांगून टाकतो, कारण दुसऱ्यांच्या सांगताना बरं वाटतं. एका कंपनीत असताना आमच्या ॲपमध्ये मराठी अक्षरांचा फॉन्ट सोबत घ्यायचा की नाही, असा एक आर्ग्युमेंट होता. मुळात 'नाही'. तो 'हो' करायचं काम माझं. मी केला, नावातली दोन अक्षरं मागंपुढं झाली. साधनानं इमानेइतबारे सूचना छापली, याचा काही परिणाम होणार नाही. पण बिल्ड चालू असताना शेकडो ओळी सरकत असतात, आणि तांबड्या ओळीशिवाय आपण कधी थांबतो? जाहीर न केलेलं नाव दिसलं की काम थांबव, असं जीएनला सांगता येतं, पण तेही सांगावं लागतं. कडकपणाचाही डिफॉल्ट 'नाही'च. तीन आठवड्यांनी आत्याचा फोन आला: "तुझ्या कंपनीनं मला नुसते चौकोन पाठवलेत. कॅरमचा बोर्ड हे का काय?" फॉन्टमध्ये अक्षर नसलं की जागेवर जे रिकामे चौकोन उभे राहतात त्यांना जगभर टोफू म्हणतात, आणि गूगलनं ते घालवण्यासाठी जी फॉन्टांची मोठी मालिका काढली तिचं नाव नोटो, म्हणजे 'नो टोफू'. जगातला टोफू हटवायला त्यांनी एवढा खटाटोप केला आणि मी दोन अक्षरांत तो लातूरला परत पोचवला.

तेव्हापासून मी मराठी अक्षरांकडं जरा जास्तच बारकाईनं बघतो, आणि म्हणूनच कपिलधारच्या कमानीवरचा तो फ्लेक्स मला छळतो. 'श्रीक्षेत्र कपिलधार येथे येणाऱ्या सर्व शिवदिंड्यांचे सहर्ष स्वागत.' खाली अकरा फोटो. मजकुरात चूक नाही. पण 'कपिलधार'मधला ल बघा, 'शिव'मधला श बघा. शाळेत आपण गिरवला तो ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. फ्लेक्सवरचा ल दांड्याला टेकून उभा आहे, हिंदी पुस्तकात असतो तसा. सरकारनं यावर शासन निर्णय काढलेत. १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात ल पाकळीचा आणि श देठाचाच लिहावा असं स्पष्ट म्हटलंय. निर्णय निघाला, आणि फ्लेक्सवाल्याकडं त्याचं काय झालं? जीएनची ती ओळ आठवा.

खरं तर यात फ्लेक्सवाल्याचीही फार चूक नाही. आजच्या पुष्कळ चांगल्या देवनागरी फॉन्टात दोन्ही ल असतात. फॉन्टात 'लोकल' नावाची एक सोय असते, तिचा ठाण्याशी संबंध नाही. मजकुराची भाषा मराठी आहे असं जाहीर केलं की ती पाकळीचा ल पुढं करते. जाहीर केलं नाही तर हिंदीचा. म्हणजे आर्ग्युमेंट आहे, घोषणाही झालेली आहे, किंमत तेवढी कुणी भरत नाही, आणि डिफॉल्ट लखनौच्या सोयीचा. मजा म्हणजे विंडोजवर वर्षानुवर्षं सगळ्या देशाला देवनागरी म्हणून जो दिसत राहिला तो मंगल फॉन्ट घडवला एका मराठी माणसानं. र. कृ. जोशी, कवी आणि सुलेखनकार. काम साऱ्या देवनागरीचं होतं, तेव्हा ल दांड्याचा राहिला. मोठ्या पंगतीत मीठ सगळ्यांच्या बेतानं पडतं.

हे सगळं मी मामांना टपरीवर बसून सांगितलं. दोन चहा झाले. साखर किती झाली ते मोजलं नाही. मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक वही काढली. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची, कडेनं तेल मुरलेली.

"हे बघ."

पहिल्या पानावर डाव्या हाताला जिन्नस, उजव्या हाताला प्रमाण, आणि खाली बारीक अक्षरात कारण. तांदूळ शंभर माणसांना इतका, 'पाऊस असंल तर वाढवणे, माणसं हलत नाहीत'. तिखट इतकं, 'मुक्कामी कमी, म्हातारी माणसं'. वरणात गूळ, 'आपल्या गावचे असतील तर. बाहेरची दिंडी जेवायला आली तर विचारून'. चहा, 'साखर वेगळी ठेवणे'. मी ही ओळ दोनदा वाचली. वर तारखा, कुणी कधी बदललं त्याच्या सह्या. शिधा देणारा बदलला, आचारी बदलला, पण वही तीच. नव्या माणसानं काही विचारलं नाही तर वहीप्रमाणं, विचारलं तर त्याच्या म्हणण्याप्रमाणं. मी बारा वर्षं ज्याचा पगार घेतोय ते मामा तीस वर्षं फुकट करत होते, आणि माझ्याहून चांगल्या टिप्पण्या लिहून.

एकाच ओळीखाली टिप्पणी नव्हती. 'हिंग — नाही.'

"मामा, हिंग का नाही?"

"माझ्या आधीच्यांनी लिहिलंय."

"पण का?"

"ते वारले."

"मग घालून बघायचं एकदा."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी दिंडीची पालखीच बदलू या म्हणालो होतो. "चालू हे ना सगळं? मग हात लावायचा नाही."

हे वाक्य मी पुण्यात दर आठवड्याला ऐकतो, काचेच्या खोलीत, एसीमध्ये. ज्यानं लिहिलं तो नोकरी सोडून गेला, कारण लिहिलेलं नाही, आणि सगळं चालू आहे. आमच्या कोडमध्ये असे कितीतरी हिंग आहेत. कुणाला तरी एकेकाळी पित्त झालं असेल, किंवा त्या वर्षी दुकानदाराशी भांडण झालं असेल, किंवा हिंग संपला असेल एवढंच, आणि त्या एका रात्रीचा तोडगा तीस वर्षं दर कार्तिकात हजारो माणसांच्या वरणाचा डिफॉल्ट होऊन बसलाय.

वहीची पानं सुटायला आली होती. मामा म्हणाले, तू कॉम्प्युटरवाला, हे टाइप करून दे. बिल्डर हा शब्द त्यांनी वापरला नाही, याची मी मनात नोंद केली. पुण्याला येऊन दोन रविवार बसून मी ती वही जशीच्या तशी उतरवली; जिन्नस, प्रमाण, खाली कारण, शेवटी तारीख. पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली आणि संक्रांतीला लातूरला घेऊन गेलो. मामांनी चष्मा चढवला, पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"हा ल कुणाचा?"

तेल, वेलची, 'आपल्या गावचे असतील तर'. सगळीकडं दांड्याचा ल. टपरीवर बसून ज्यानं मामांना पाऊण तास ऐकवलं होतं, तोच मजकुराची भाषा मराठी करायला विसरला होता.

"डिफॉल्ट आहे," मी म्हणालो.

"आपल्या वहीत नको."

मी म्हटलं, पुन्हा छापून आणतो, पाच मिनिटांचं काम आहे. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून निळा बॉलपेन काढला, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून एकेका ल ला पाकळी काढायला बसले. मामींनी मध्येच पोळी आणून ठेवली, मी नको म्हणालो. दुपार होईपर्यंत आठ पानं झाली होती. हिंगाच्या ओळीवर मामांचा पेन क्षणभर थांबला. त्या ओळीत ल नव्हता. मामांनी पान उलटलं.